मुलचेऱ्यातले आत्राम

गडचिरोली जिल्ह्यातल्या अहेरी विधानसभा मतदारसंघात अहेरी, सिरोंचा, एटापल्ली, भामरागड आणि मुलचेरा हे पाच तालुके येतात. २०२४ च्या निवडणुकीत तिथे अहेरीच्या राजघराण्यातली तीन माणसे एकमेकांविरुद्ध उभी होती. धर्मरावबाबा आत्राम, त्यांचे पुतणे अम्ब्रिशराव आत्राम आणि धर्मरावबाबांची मुलगी भाग्यश्री आत्राम. निवडून धर्मरावबाबा आले. त्याआधी २००९ साली याच मतदारसंघाने दीपक आत्राम यांना अपक्ष म्हणून निवडून दिले होते, आणि ते राजवाड्यातले नव्हते. बाहेरच्या माणसाने या निकालांवर नजर टाकली, की त्याचा समज ठरलेला असतो. आत्राम हे राजाचे आडनाव, प्रजेत ते दिसते म्हणजे ते राजाकडूनच खाली झिरपले असणार. हा समज चुकीचा आहे, असे मला वाटते. मुलचेरा तालुक्यात आत्राम पुष्कळ आहेत याची कारणे तीन. एक, गोंड समाजातली कुळांची रचना. दोन, ते कुळाचे नाव आडनावाच्या रकान्यात उतरवून घेणारा सरकारी कारकून. आणि तीन, पिढ्यान्‌पिढ्या चालणारा निव्वळ योगायोग. या तिन्हीत राजवाड्याचा वाटा फार थोडा आहे.

राजवाड्याची बाजू मात्र लेचीपेची नाही, ती आधी नीट मांडली पाहिजे. चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, ज्या गोंड राजांचे राज्य १७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांनी घेतले, ते घराणेही आत्रामच. चांदा जिल्ह्यातली सर्वांत मोठी जमीनदारी अहेरीची, तिचे धनी आत्राम. जमीनदारी १९५१ मध्ये कायद्याने संपली, पण घराण्याचा मान संपला नाही. राजे विश्वेश्वरराव आत्राम १९७७ साली चंद्रपूरचे खासदार झाले. सत्ता गेल्यावरही मत देताना जे नाव लोकांच्या तोंडी बसते, ते सत्ता असताना लोकांनी लावून घेतले नसेल कशावरून? जगात असे घडल्याची उदाहरणे आहेत. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात सरदाराच्या जमिनीवर राहणारी, त्याच्याशी रक्ताचे काही नाते नसलेली कुटुंबेही त्याचेच कुलनाम लावू लागली. लांब जायलाही नको. जाधव, पवार, मोरे ही नावे महाराष्ट्रात इतक्या वेगवेगळ्या जातींत सापडतात, की एका मूळपुरुषाची ती संतती असणे शक्यच नाही. कुठे चाकरीमुळे, कुठे आश्रयामुळे, कुठे नुसत्या प्रतिष्ठेच्या ओढीने ही नावे पसरली असणार. मग अहेरीच्या जमीनदारीत तसे का झाले नसावे?

याचे पहिले उत्तर नकाशा देतो. राजाचे नाव प्रजेने घेतले असते, तर ते राजाच्या मुलखात दाट आणि मुलखाबाहेर विरळ असायला हवे होते. प्रत्यक्षात प्राणहिता ओलांडून पलीकडच्या कुमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात गेले, तरी आत्राम भेटतातच. तो मुलूख कित्येक पिढ्या निजामाच्या अमलाखाली होता, अहेरीच्या जमीनदाराशी तिथल्या रयतेचा काही संबंध नव्हता. तिकडे तेलुगू रीतीप्रमाणे ते नाव आधी लागते, एवढाच फरक. आसिफाबादचे माजी आमदार आत्राम सक्कू, २०२४ च्या लोकसभेला आदिलाबादमधून उभ्या राहिलेल्या आत्राम सुगुणा. पश्चिमेला यवतमाळच्या बाजूला गेलात, तर कोलामांतही आत्राम आहेत, आणि कोलामांची तर भाषाही वेगळी. उलट अहेरीच्या आसपास, राजवाड्याच्या सावलीत, मडावी, तलांडी, सिडाम, कुळमेथे, गावडे, कोडापे, पेंदाम ही नावे शेकड्यांनी नांदत आहेत. राजाचे नाव घेण्याची ओढ असती, तर सर्वांत आधी हीच नावे पुसली गेली असती. १८५८ मध्ये इंग्रजांविरुद्ध उठलेले आणि त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला चांद्याला फाशी गेलेले बाबूराव शेडमाके हे अहेरीच्या टापूतल्या मोलमपल्लीचे जमीनदार, पण ते शेडमाकेच राहिले. सरंजामी उतरंडीत आत्रामांच्या इतक्या जवळ असलेल्या घराण्यालाही आपले नाव बदलण्याची गरज वाटली नाही.

दुसरे उत्तर लग्नाच्या बैठकीत मिळते, आणि मला ते जास्त पक्के वाटते. गोंड समाजात आडनाव म्हणून जे लावले जाते, ती पाडी, म्हणजे कुळ. अनेक पाड्या मिळून एक सगा होतो, आणि सगा ओळखला जातो तो देवांच्या संख्येवरून. कुणी चार देवांचे, कुणी पाच, कुणी सहा, कुणी सात. सोयरीक जुळवायला आलेल्या माणसांना घरदार, शेती, नोकरी विचारण्याच्या आधी किंवा निदान त्याच दमात विचारले जाते, ‘पाहुणे किती देवांचे?’ उत्तर आपल्याइतकेच निघाले, तर दोन्हीकडची माणसे एकमेकांची भाऊबंद ठरतात. मग पानसुपारी होते, गप्पा होतात, पण सोयरीक होत नाही. आडनावे वेगळी असली तरी देवसंख्या एक असेल, तर मुलगा-मुलगी बहीणभाऊ. आडनाव एकच असेल, तर विचारण्याचीही सोय नाही. छापील परिचयपत्रात आजही नावाखाली देवांचा आकडा असतो. आता कल्पना करा, अहेरीच्या रयतेने हौसेने किंवा धाकाने आत्राम नाव घेतले. तसे झाले असते, तर ज्या घरांत काल सोयरीक होत होती ती घरे आज एका नावाची, म्हणून एका रक्ताची ठरली असती. आपल्या मुलांसाठी वधू-वर शोधण्याचे निम्मे दरवाजे लोकांनी स्वतःच्या हाताने बंद केले असते. मराठ्यांत जाधव नाव पसरू शकले, कारण तिथे लग्नाची अडकाठी देवक धरते, नुसते आडनाव नव्हे. कळंबाचे देवक असलेली कित्येक वेगवेगळ्या आडनावांची घराणी आहेत. गोंडांत नाव आणि लग्नाचा नियम एकमेकांना बांधलेले आहेत, त्यामुळे नाव बदलणे फार महाग पडते.

पाडी म्हणजे नुसता लग्नापुरता लावायचा शिक्का, असेही कुणी समजू नये. ती एक धार्मिक संस्था आहे, तिचा पेन म्हणजे देव असतो, पेनठाणा असतो, पूजेचे मानकरी असतात. आदिलाबाद जिल्ह्यातल्या केसलापूरची नागोबा जत्रा याचे सर्वांना दिसणारे उदाहरण. पौष अमावास्येच्या या जत्रेला लाखभर लोक येतात, पण महापूजेचा अधिकार एकट्या मेश्राम कुळाचा. पूजेआधी मेश्राम मंडळी अनवाणी चालत जाऊन गोदावरीचे पाणी झारीतून आणतात, वाटेत मुक्काम ठरलेले असतात. त्या वर्षात मेश्रामांच्या घरात ज्या नव्या सुना आल्या, त्यांना पांढऱ्या वस्त्रांत नागोबापुढे नेऊन देवाची भेट घडवतात, त्या विधीला ‘भेटिंग’ म्हणतात. ही भेट झाली, की सून खऱ्या अर्थाने मेश्राम झाली. महाराष्ट्रातूनही मेश्राम या जत्रेला जातात. म्हणजे दोन राज्यांत, अनेक जिल्ह्यांत विखुरलेली, एकमेकांना नावानिशी न ओळखणारी हजारो माणसे एका देवापुढे एक कुळ म्हणून उभी राहतात. अशा नावाला कुटुंबाचे नाव म्हणणे अपुरे आहे. ‘देशपांडे’ किंवा ‘नागपूरकर’ वाचून आपण ज्या सवयीने अर्थ लावतो, ती सवय इथे उपयोगाची नाही. अर्थांचेही तेच. टेकाम हे नाव सागाच्या झाडावरून, मरकाम आंब्यावरून, हे रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरच्या ग्रंथात नोंदवले होते, आणि कुळाशी झाड, प्राणी, पक्षी जोडलेले असतात हे खरेही आहे. पण नाव सागाचे निघाले म्हणून टेकाम किती आहेत आणि का आहेत, ते कळत नाही.

आता आक्षेप असा येऊ शकतो, की हे सारे इतके जुने असेल, तर आडनावे इतकी मराठी वळणाची कशी? कुमरे, उईके, कुळमेथे, शेडमाके, कोडापे ही नावे शिंदे-मोरे यांच्या रांगेत सहज बसतात. इथे कारकून येतो. १८५४ मध्ये चांदा इंग्रजांकडे आला, १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला, आणि मेजर लूसी स्मिथ यांनी जिल्ह्याच्या पहिल्या मोठ्या जमीनबंदोबस्ताचा अहवाल १८६९ मध्ये दिला. मध्य प्रांताच्या जुन्या महसुली कागदांची तऱ्हा ‘अमुक वल्द तमुक, जात गोंड’ अशी होती. तेवढ्यावर सारा वसूल होत असे, आडनावाशी कुणाला कर्तव्य नव्हते. शाळेचे दाखल-खारिज रजिस्टर, मतदारयादी, शिधापत्रिका आणि पुढे जातीचा दाखला आला, तेव्हा नाव, बापाचे नाव, आडनाव हे तीन रकाने भरणे भाग पडले. तिसऱ्या रकान्यात काय लिहायचे, हे विचारल्यावर माणसाने सांगितली ती पाडी. मराठी गुरुजींच्या कानाला जे ऐकू आले आणि हाताला जे सवयीचे होते, ते कागदावर उतरले. गोंडीतला कुमरा विदर्भात कुमरे झाला, पलीकडे तेलुगूत तोच कुमरम झाला. १९४० मध्ये जोडेघाटला निजामाच्या पोलिसांशी लढताना पडलेले कुमरम भीम आणि आपल्याकडचे कुमरे यांच्यात एक लिपी आणि एक सरहद्द आडवी येते, एवढेच. मडावी मध्य प्रदेश-छत्तीसगडच्या बाजूला मरावी होऊन भेटतात. टेकाम, मरकाम, सिडाम, गेडाम, आत्राम ही ‘आम’कारान्त नावे मात्र मराठीने बहुधा आहेत तशीच ठेवली. रूपे कारकुनाने ठरवली, पण ज्या गोष्टीला ती रूपे मिळाली ती गोष्ट आधीची होती.

उरला प्रश्न प्रमाणाचा. पाडी जुनी आहे, हे मानले तरी आत्राम आणि मडावी इतके, आणि काही पाड्या मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, असे का? इथे लोकांना पुन्हा राजवाडा आठवतो. मोठे घराणे, मोठा विस्तार. पण याला कुठल्याही घराण्याची गरज लागत नाही, हे फ्रान्सिस गॉल्टन आणि हेन्री वॉटसन यांनी १८७४ मध्ये गणिताने मांडले. इंग्लंडमधली नामांकित घराणी नामशेष का होतात, हा त्यांचा प्रश्न होता. बापाकडून मुलाकडे जाणारे नाव घ्या. प्रत्येक पुरुषाला सरासरी एक मुलगा होतो असे धरा, म्हणजे लोकसंख्या वाढतही नाही, घटतही नाही. सरासरी एक याचा अर्थ प्रत्येकाला एक असा नव्हे. कुणाला तीन, कुणाला एकही नाही. अशा हिशेबात नेहमीचे गृहीतक वापरले, तर एक तृतीयांशाहून थोड्या अधिक पुरुषांची नावे त्यांच्याबरोबरच संपतात, आणि नातवंडांच्या पिढीपर्यंत निम्म्याहून अधिक. नव्या नावांची भर पडत नसेल, तर काही पिढ्यांत मूळच्या पुष्कळ नावांच्या जागी थोडी नावे सगळी जागा व्यापतात. कोण उरले, यात कर्तबगारी नसते. गोंडांची नावे हा असाच बंदिस्त साठा आहे. ७५० गोत्रे मानण्याची परंपरा नागपूरचे अभ्यासक मोतीरावण कंगाली यांच्या लेखनातून घरोघर पोचली, आणि आज तो आकडा मोटारसायकलींवर, फलकांवर रंगवलेला दिसतो. ७५० हा आकडा मोठा वाटतो, पण मराठीत गावागणिक ‘कर’ लावून नवे आडनाव पाडता येते, धंद्यावरून, हुद्द्यावरून, एखाद्या खोडीवरूनही पाडता येते. पाडीत नवा माणूस जन्माने येतो किंवा सून म्हणून येतो, नवे नाव येत नाही. त्यात गावे कशी वसली, तेही पाहा. जंगल तोडून पाडा वसवणारी घरे दोनचार, बहुतेक एकाच पाडीची. गावाचा पुजारी, म्हणजे गायता किंवा भूमिया, त्यांच्यातलाच. मग त्यांच्यात सोयरीक असलेल्या दुसऱ्या सग्यातली काही घरे, लमसेना म्हणून सासुरवाडीला कष्ट करायला आलेला आणि तिथेच राहिलेला जावई. शंभर वर्षांनी त्या गावाची मतदारयादी पाहिली, तर दोन आडनावे पानेच्या पाने भरून टाकतात. ज्याने पहिली कुऱ्हाड घातली तो आत्राम होता, की सिडाम, एवढ्यावर ते ठरलेले असते.

मुलचेऱ्यात या हिशेबाला एक ताळा घेता येतो, आणि तो महाराष्ट्रातल्या फार थोड्या तालुक्यांत घेता येईल. १९६० च्या दशकात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांना शासनाने चांदा जिल्ह्याच्या या जंगलभागात वसवले. सुंदरनगर, विवेकानंदपूर ही गावांची नावेच त्यांचा पत्ता सांगतात. भातशेती आणि मासळीतळ्यांबरोबर त्यांनी मंडल, विश्वास, सरकार, हालदार, मजुमदार अशी आडनावे आणली. ही बहुतेक नवाबी अमलातल्या कारभाराची पदे आणि किताब. मंडल गावचा म्होरक्या, मजुमदार हिशेबनीस. तालुक्यात मंडलही पुष्कळ आहेत, आत्रामही पुष्कळ. पण एका मंडलाच्या मुलाचे लग्न दुसऱ्या मंडलाच्या मुलीशी होऊ शकते, गोत्र वेगळे असले की झाले. दोन आत्रामांचे होत नाही. म्हणजे यादीत दोन्ही नावे सारखीच दाट दिसली, तरी एक दाटी हुद्द्याची आहे आणि दुसरी रक्ताची, निदान रक्त मानलेल्या नात्याची. राजाचे नाव प्रजेने घेतले असते, तर आत्राम हे मंडलासारखे वागले असते. ते तसे वागत नाही. चंद्रपूरकडच्या मुनगंटीवार, वडेट्टीवार या ‘वार’कारान्त नावांत तेलुगूतला आदरार्थी ‘वारु’ लपलेला आहे, ती आणखी तिसरीच तऱ्हा. मुलचेऱ्याच्या बाजारात एका रांगेत बसलेल्या दुकानांवर या तिन्ही तऱ्हा दिसाव्यात, याचे मला नेहमी नवल वाटते.

जाणकार वाचक इथे हटकेल, आणि त्याचे म्हणणे जड आहे. एकच पाडी एका जिल्ह्यात सहा देवांत मोडते आणि दुसरीकडे वेगळ्या आकड्यात, असे रसेलच्या काळापासून नोंदले गेले आहे. आकडाच सरकत असेल, तर त्याच्या भरवशावर उभी केलेली ही इमारत टिकेल का? मला वाटते टिकते, कारण भार आकड्यावर नाही. पाडी ही आतली, घट्ट गोष्ट. देवसंख्या ही अनेक पाड्यांनी मिळून त्या त्या मुलखात बांधलेली मोट. लोक स्थलांतर करतात, नव्या शेजाऱ्यांशी सोयरीक करावी लागते, मोट नव्याने बांधली जाते. त्यात पाडीचे नाव बदलत नाही, आणि एका पाडीत लग्न होत नाही, हेही बदलत नाही. कोरियातला प्रकार याच्या उलट, म्हणून ताडून पाहण्यासारखा आहे. २०१५ च्या जनगणनेत दक्षिण कोरियातले पाचातले एकाहून अधिक लोक ‘किम’ होते, पण किम हे एक कुळ नव्हे. कुळाचे मूळ गाव कोणते, ते सांगितल्यावरच कळते, हा किम तो किम आहे की नाही. एक आडनाव आणि एक मूळ गाव असलेल्यांच्या लग्नाला तिथे कायद्याने बंदी होती, १९९७ मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली आणि २००५ मध्ये कायदा बदलला. किमला मूळ गाव विचारावे लागते, मडावीला देव विचारावे लागतात. दोन्हीकडे आडनाव एकटे पुरेसे बोलत नाही.

आणखी एक आक्षेप प्रधानांचा. किंगरी या तंतुवाद्यावर गोंडांची कुळकथा गाणारे प्रधान हेही आत्राम, मेश्राम, मडावी असतात, आणि ते गोंडांहून वेगळे मानले जातात. मग पाडी रक्ताची कशी? प्रधान ज्या कुळाची कथा सांगतो, त्या कुळाचा तो पिढीजात गायक असतो, त्या कुळाकडून मिळणाऱ्या दक्षिणेवर त्याचा हक्क असतो, आणि त्या कुळाचे नाव तो लावतो. इथे नाव सेवेच्या नात्याने गेले, हे मान्य करायला हवे. म्हणजे राजाकडून रयतेकडे नाव झिरपले नाही असे मी म्हणत असलो, तरी कुळाकडून त्याच्या गायकाकडे ते गेले, आणि हे त्या व्यवस्थेच्या आतले, नियम पाळून झालेले जाणे होते. प्रधानांतही त्याच देवसंख्या आणि तेच लग्नाचे नियम चालतात. गेडाम आणि मेश्राम ही नावे विदर्भात बौद्ध समाजातही मोठ्या संख्येने आहेत, तिथे मात्र पाडीचा नियम लागत नाही. माझे म्हणणे गोंड, माडिया, कोलाम, प्रधान यांच्यापुरते आहे. आडनाव कुठे उगवले, हे कळल्याने त्याचा प्रत्येक धारक कोण, हे कळत नाही.

या शेवटच्या मुद्द्यावर गडचिरोली-चंद्रपुरात लोकांच्या नोकऱ्या आणि शिक्षणाच्या जागा अवलंबून आहेत. जातपडताळणीचा महाराष्ट्राचा कायदा २००० सालचा, तो ऑक्टोबर २००१ पासून लागू आहे. समितीपुढे अर्जदाराला जुने दस्तऐवज दाखवावे लागतात, आणि गरज पडल्यास आप्तभाव चाचणी होते, म्हणजे चालीरीती, देव, लग्नविधी यांची माहिती जमातीशी जुळते का, ते पाहतात. आडनाव जमातीच्या यादीत आहे की नाही, यावर निर्णय टेकवण्याचा मोह या प्रक्रियेत पडतो. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की आप्तभाव चाचणी ही एकमेव कसोटी धरता येणार नाही, भक्कम दस्तऐवज असतील तर त्यांचे वजन आधी. मुलचेऱ्याच्या आत्राम मुलाला याचा उपयोग निराळाच होतो. त्याच्या आजोबांच्या कागदावर ‘वल्द’ आहे आणि ‘जात गोंड’ आहे, आडनाव नाही. बापाच्या दाखल्यावर ‘अत्राम’ आहे, त्याच्या स्वतःच्या आधारकार्डावर ‘आत्राम’. न्यायालयाच्या दृष्टीने यातला सर्वांत मोलाचा कागद आजोबांचा, कारण तो सर्वांत जुना आहे, आणि नेमक्या त्याच कागदावर आडनावाचा रकाना नाही.